टिकली लावलेली बाजू वर

२०२० नंतर आपल्या घराघरांत एक नवा खण तयार झाला आहे. पूर्वी त्या खणात जुनी बिलं, मेणबत्त्या आणि लग्नपत्रिका असायच्या. आता तिथे थर्मामीटर असतं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असतं, कुणाकडे बीपीचं मशीन, तर कुणाकडे साखर बघायचं यंत्र. महामारी ओसरली, खण मात्र भरलेलाच राहिला. या वस्तू आपल्याला वापरता येतात असं आपण धरून चालतो. पण त्या खरोखर ओळखता येतात का? हा प्रश्न मला एका रात्री फार महागात पडता पडता राहिला. म्हणून आज, वाचकहो, थोडं त्याविषयी.

आधी माझी अडचण सांगते. माझं सासर निपाणीचं आणि माहेर सौंसरचं. शेजारणीला मी ‘उद्या सौंसरला निघालेय’ असं सांगितलं की ती हमखास म्हणते, ‘अगं, सासरीच तर आहेस!’ मग मी नकाशा काढते. नागपूरच्या वर, मध्य प्रदेशात शिरल्या शिरल्या सौंसर आणि पांढुर्णा ही दोन गावं. पांढुर्णा हे माझं आजोळ. संत्र्याच्या बागा, घराघरांत मराठी आणि सरकारी कागद हिंदीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा निपाणी-बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे झाले आणि पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. म्हणजे माझं माहेर एका सीमेवर आणि सासर दुसऱ्या. इकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड. तिकडे घरात मराठी आणि दवाखान्यात हिंदी. तापाला इकडे ‘ज्वर’, तिकडे ‘बुखार’. नाडी मात्र तिन्ही भाषांत नाडीच.

शहाण्णव आणि अठ्ठ्याण्णव

एप्रिल २०२१ चा तिसरा आठवडा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनं नागपूर आणि आसपासचा मुलूख हवालदिल झाला होता. सौंसरला आमच्या बाबूजींना ताप आला, तपासणीत कोरोना निघाला. वय बाहत्तर, त्यात मधुमेह. डॉक्टरांनी घरीच ठेवून लक्ष ठेवायला सांगितलं. दादा-वहिनीही तापानं झोपलेले. आई आणि माझा पंधरा वर्षांचा भाचा एवढेच काय ते उभे. मी इकडे आठशे किलोमीटरवर, निपाणीत अडकलेली.

ऑक्सिमीटर मीच पाठवलं होतं, पहिल्या लाटेच्या वेळी, कुरिअरनं. डब्यात इंग्रजीतला बारीक अक्षरांचा कागद होता. तो कुणी वाचला नाही, आणि वाचा असं मीही सांगितलं नाही. भाचा सकाळ-संध्याकाळ आजोबांच्या बोटाला ते लावायचा, फोटो काढायचा आणि मला फोनवर आकडे सांगायचा. सकाळी ऑक्सिजन पंचाण्णव होता. संध्याकाळी साडेसातला त्याचा फोन आला, ‘आत्या, ऑक्सिजन शहाण्णव, नाडी अठ्ठ्याण्णव.’

मला हायसं वाटलं. एक आकडा वाढलाच की! आई मागून म्हणाली, ‘अठ्ठ्याण्णव म्हणजे ताप बी उतरला बाप्पा.’ तिला वाटलं थर्मामीटरचा आकडा सांगतोय. आम्ही हसलो. मग बाबूजींनी फोन घेतला. ‘तू... काळजी... नको करू. मले... काही... नाही झालं.’

फोन ठेवला तेव्हा सासूबाई जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘उसिरु हेंग ऐती?’ श्वास कसा आहे? मी म्हटलं, ‘छान आहे, शहाण्णव आहे.’ त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांनी आकडा विचारलाच नव्हता.

रात्री अकरा वाजले तरी झोप येईना. बाबूजींचं ते तुटक बोलणं कानात होतं. उगाच म्हणून भाच्यानं पाठवलेले दोन्ही फोटो काढून पाहत बसले. सकाळच्या फोटोत बाबूजींचं बोट खालून यंत्रात शिरलं होतं. संध्याकाळच्या फोटोत ते वरून खाली येत होतं. यंत्र तेच, बोट तेच, मग दिशा वेगळी कशी? संध्याकाळी बाबूजी कुशीवर झोपले होते आणि भाचा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. त्यानं यंत्र उलट्या बाजूनं वाचलं होतं.

मी फोन उलटा केला, तर फोनमधलं चित्रही लगेच फिरून सरळ झालं. शेवटी फोन जेवणाच्या टेबलावर सपाट ठेवला आणि उठून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले. इंग्रजी आकड्यांतला सहा उलटा केला की नऊ होतो. आठ आठच राहतो. शहाऐंशी हा आकडा समोरच्या बाजूनं वाचला की अठ्ठ्याण्णव दिसतो. आणि शहाण्णव? तो दोन्ही बाजूंनी शहाण्णवच. यंत्रात वरचा आकडा ऑक्सिजनचा आणि खालचा नाडीचा होता. उलट्या बाजूनं पाहिल्यावर नाडीचे शहाण्णव वर आले आणि ऑक्सिजनचे शहाऐंशी खाली जाऊन अठ्ठ्याण्णव झाले.

मी मराठी शिकवते. दरवर्षी वर्गात फळ्यावर ‘चिमा काय कामाची’ लिहिते आणि मुलांना उलटं वाचायला लावते. मुलं हसतात. त्या रात्री टेबलाच्या पलीकडे उभी असताना मला तो फळा आठवला.

भाच्याला उठवलं, यंत्र पुन्हा लावायला सांगितलं, सरळ धरून. चौऱ्याऐंशी. त्यापुढची धावपळ तुमच्यापैकी अनेकांनी त्या वर्षी स्वतः केली असेल. शेजाऱ्यांची गाडी, पन्नास फोन, रस्त्यावरचे नाके, साठेक किलोमीटरवरचं नागपूर आणि पहाटे कशीबशी मिळालेली एक खाट. तिथल्या डॉक्टरांनी फक्त एवढंच म्हटलं, ‘और देर करते तो मुश्किल था.’ बाबूजी बारा दिवसांनी घरी आले.

आमचे चार तास गेले होते. चूक कुणाची? पंधरा वर्षांच्या पोराची नक्कीच नव्हे. यंत्र पाठवणारी मी होते.

बोटावरचा चिमटा काय बघतो?

त्यानंतर मी ठरवलं, घरात जे यंत्र आहे त्याची नीट ओळख करून घ्यायची. मी डॉक्टर नाही. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंच्या मागे लागून, वाचून, जे समजलं तेच इथे सांगते आहे.

ऑक्सिमीटरला रक्ताचा थेंब लागत नाही, कारण ते प्रकाशावर चालतं. एका बाजूनं दोन प्रकाश बोटातून सोडले जातात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लालभडक असतं, ते लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं. ऑक्सिजन नसलेलं रक्त काळपट, ते लाल प्रकाश अडवतं. पलीकडचा डोळा दोन्ही प्रकाश किती पोचले ते पाहतो आणि त्यावरून शेकडा किती रक्तरंजकावर ऑक्सिजन आहे याचा अंदाज करतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त किंचित वाढतं, तेवढाच बदल हिशेबात धरायचा, ही युक्ती जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांना १९७० च्या दशकात सुचली. म्हणूनच या यंत्रात ऑक्सिजनबरोबर नाडीही दिसते.

यंत्र प्रकाशावर चालतं हे एकदा कळलं की ते कशानं फसतं हेही आपोआप कळतं. नखांना गडद रंग असेल, बोटावर मेंदी असेल, हात गार पडले असतील, बोट हलत असेल किंवा उन्हात बसून मोजलं असेल, तर आकडा चुकू शकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर यंत्र कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं ठळकपणे पुढे आणलं. आपल्यासाठी हे महत्त्वाचं आहे. आणखी एक धोका थंडीतला. दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटवली आणि कोळशाचा विषारी वायू रक्तात गेला, तर हे यंत्र त्या रक्तालाही ऑक्सिजनचंच रक्त समजतं. माणूस गुदमरत असतो आणि आकडा चांगला दिसतो.

म्हणून हात उबदार करा, नखं स्वच्छ करा, रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवा, बोट घातल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. यंत्रावर ऑक्सिजनच्या आकड्याजवळ टक्क्याचं चिन्ह किंवा ‘एसपीओटू’ अशी इंग्रजी अक्षरं असतात, नाडीजवळ ‘पीआर’ किंवा छोटं बदाम. आधी ती अक्षरं सरळ दिसतात का ते पाहायचं, मग आकडा वाचायचा. साधारणपणे पंचाण्णव ते शंभर चांगलं. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांना डॉक्टर वेगळा आकडा ठरवून देतात, तो त्यांनाच विचारून लिहून ठेवावा.

पाऱ्याची कांडी

आईचा अठ्ठ्याण्णवचा घोळ हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. थर्मामीटरमध्येही अठ्ठ्याण्णव म्हणजे सर्व ठीक, आणि ऑक्सिजनमध्येही तोच आकडा. म्हणून फोनवर नुसता आकडा सांगू नये. ‘ताप अठ्ठ्याण्णव’, ‘ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव’ असं नाव घेऊन सांगावं. दोन भाषांच्या घरात तर हे पाळावंच. भाचा हिंदी माध्यमात शिकलेला, त्याला एकोणनव्वद आणि एकोणऐंशी यांत हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे कन्नड शाळेतून आलेल्या मुलांचंही तेच. शंका आली की आकडे सुटे विचारावेत : आठ आणि सहा, की नऊ आणि आठ?

जुन्या काचेच्या थर्मामीटरच्या पोटात, फुग्याच्या जरा वर, नळी एका जागी चिंचोळी केलेली असते. पारा तापून वर चढतो, पण काखेतून काढल्यावर त्या अरुंद जागेमुळे परत खाली येत नाही. म्हणून आपण सावकाश वाचू शकतो, आणि म्हणूनच पुढच्या वेळी झटकावं लागतं. झटकायचं विसरलं तर कालचा ताप आज दिसतो. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. गरम चहा पिऊन लगेच तोंडात थर्मामीटर धरलं तर ताप नसलेल्यालाही ताप दिसतो, हे शाळेला दांडी मारणाऱ्या पोरांना आपल्याआधी ठाऊक असतं! लहान बाळाच्या तोंडात मात्र काचेचं थर्मामीटर कधीच देऊ नये.

पारा विषारी आहे. २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याची यंत्रं जगभर मागे पडत आहेत. तरी जुन्या घरांत ती आहेतच. फुटलं तर मुलांना बाहेर न्या, खिडक्या उघडा, केरसुणी फिरवू नका, उघड्या हातानं उचलू नका. जाड कागदानं थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करा.

दंडाला बांधायचा पट्टा

पांढुर्ण्याला आमच्या मामींचं बीपी दवाखान्यात नेहमी जास्त यायचं. गोळी वाढली, तशी चक्कर येऊ लागली. पुढे लक्षात आलं की मामी दोन जिने चढून जायच्या, आणि गेल्या गेल्या जाड स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा बांधून घ्यायच्या. पट्टा बांधलेला असताना बोलणंही चालूच. घरी नीट मोजून ठेवलेले पंधरा दिवसांचे आकडे डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी गोळी पुन्हा कमी केली.

पट्टा काय करतो हे पाहिलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी दंडाभोवती हवेचा पट्टा आवळून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजला. १९०५ मध्ये रशियाचे डॉक्टर कोरोत्कॉव्ह यांनी पट्ट्याखाली कान लावण्याची पद्धत आणली. पट्टा इतका आवळायचा की दंडाच्या धमनीतलं रक्त थांबेल. मग हवा हळूहळू सोडायची. पहिला ‘टक्’ असा आवाज येतो, तो वरचा आकडा. रक्तानं वाट काढली. पुढे आवाज थांबतात, तो खालचा आकडा. आता रक्त विनाअडथळा वाहतंय. आजचं बॅटरीवरचं यंत्र हेच काम पट्ट्यातल्या हवेची कंपनं टिपून करतं, आणि आकडा अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगतं.

तेव्हा पट्टा उघड्या दंडावर हवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, चढउतार नको. लघवी तुंबवून बसू नये. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, पाच मिनिटं शांत आणि तोंड बंद. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. मिनिटाभरानं दुसऱ्यांदा मोजावं आणि दोन्ही लिहावेत. आणि एका आकड्यावरून गोळी आपल्या मनानं कमी-जास्त करू नये, हे मामींच्या उदाहरणावरून वेगळं सांगायला नको.

संत्रं आणि साखर

आता आमच्या गावाची खास गोष्ट. बाबूजींचा संत्र्याचा बगीचा आहे. दुपारी मळ्यातून येताना ते झाडाखालीच एक संत्रं सोलायचे. स्वतः खायचे नाहीत, मधुमेह ना! सोलून पोरांना द्यायचे. घरी येऊन साखर मोजली की आकडा भलताच. बाबूजी वैतागायचे, ‘खाल्लं कोणी अन् वाढली कोणाची!’

यात खरंच तथ्य निघालं. फळ सोलल्यावर बोटावर राहिलेला रस रक्ताच्या थेंबात मिसळतो, आणि यंत्र ती साखरही मोजतं. २०११ साली जपानी डॉक्टरांनी संत्रं, द्राक्षं आणि किवी सोलायला लावून हे तपासलं होतं. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागलं नाही, पाण्यानं हात धुतल्यावरच आकडा खरा आला. सौंसरची संत्री असोत, विजापूरची द्राक्षं असोत की आपल्याकडचा गूळ, साखर मोजण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करावेत. पट्टीची मुदत संपलेली नाही ना ते पाहावं, डबीचं झाकण घट्ट लावावं, कारण दमट हवेनं पट्ट्या बिघडतात. आणि आकडा सत्तरच्या खाली असेल, घाम-थरथर असेल, तर पथ्य विसरून आधी साखर तोंडात घालावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, त्याला थेट दवाखान्यात न्यावं.

जी आपण फक्त पाहायची

काही यंत्रं आपण वापरायची नसतात, पण ओळखली तर भीती कमी होते. लहानपणी पोळ्याला आम्ही आजोळी जायचो. पांढुर्ण्याची गोटमार तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड मारतात, नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडावरचा झेंडा मिळवण्यासाठी. दरवर्षी शेकडो जखमी होतात, माणसं गेलीही आहेत. प्रथा चालू राहावी की नाही हा वेगळ्या लेखाचा विषय. मला आठवतं ते उपचाराच्या तंबूतलं टेबल. त्यावरच्या ट्रेमधली चकचकीत हत्यारं पाहून मला वाटायचं की इथे माणसं कापतात.

त्यातलं बरंचसं कापणारं नसतंच, हे खूप उशिरा कळलं. कात्रीसारखा दिसणारा, पण पाती नसलेला आणि मुठीशी दाते असलेला तो चिमटा रक्तवाहिनी दाबून धरतो. दाते अडकले की हात सोडला तरी पकड सुटत नाही, आणि रक्त थांबतं. तसाच पण आखूड आणि जाड तोंडाचा असतो तो वाकडी सुई धरायला. सुई वाकडी का? कातडीत एका बाजूनं शिरून मनगट वळवलं की दुसऱ्या बाजूनं निघावी म्हणून. घड्याळजीच्या चिमट्यासारखा असतो तो कातडीची कड उचलून धरतो. मूत्रपिंडाच्या आकाराचा ट्रे पोटाला, मानेला नीट टेकतो, म्हणून त्याचा आकार तसा. हे पूर्वी कुणी सांगितलं असतं, तर माझा मामेभाऊ टाके घालताना चार माणसांनी धरावं लागेल इतका ओरडला नसता.

तसाच डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप. १८१६ मध्ये पॅरिसच्या रेने लेनेक या डॉक्टरांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी करून एक टोक छातीवर आणि एक कानाला लावलं, तर ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. आजच्या स्टेथोस्कोपची पसरट चकती श्वासासारखे उंच आवाज टिपते, छोटी वाटी खालच्या पट्टीतले. डॉक्टर ‘तोंड उघडून मोठा श्वास घ्या’ म्हणतात तेव्हा ते हवा फुप्फुसात कुठवर पोचते ते ऐकत असतात. त्याच वेळी आपण मागून ‘डॉक्टर, रात्री झोपही लागत नाही’ सुरू केलं, तर त्यांच्या कानात आपलाच आवाज घुमतो.

या सगळ्याची मुळं आपल्याकडेही आहेत. सुश्रुतसंहितेत एकशे एक यंत्रं आणि वीस शस्त्रं सांगितली आहेत. यंत्रं धरायला-ओढायला, शस्त्रं कापायला. कित्येक चिमट्यांना सिंह, कावळा अशा प्राणी-पक्ष्यांच्या तोंडाचा आकार. पण त्या सर्वांत प्रमुख यंत्र कोणतं, तर वैद्याचा हात, असंही तिथे म्हटलं आहे.

हे वाचलं तेव्हा मला सासूबाईंचा प्रश्न आठवला. उसिरु हेंग ऐती? बाबूजींना त्या संध्याकाळी एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. ते ऐकायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं, माझा कान पुरेसा होता. पण मी आकडा धरून बसले. वाक्य पुरं करताना मध्ये श्वास घ्यावा लागणं, ओठ निळसर दिसणं, बरगड्या आत ओढल्या जाणं, माणूस गुंगीत जाणं, यांतलं काहीही दिसलं तर यंत्र काहीही म्हणो, निघायचं. आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेवायचा.

तिसरा रकाना

बाबूजी घरी आल्यावर आईनं एक काम केलं. आपल्या पाकिटातली लाल टिकली काढून तिनं ऑक्सिमीटरच्या वरच्या बाजूला चिकटवली. ‘टिकलीची बाजू वर. आता कोणाचं चुकणार नाही.’ कंपनीच्या कागदात नसलेली ही सूचना आमच्या घरात आजही पाळली जाते. तुमच्या यंत्रात बटण दाबल्यावर आकडे फिरत असतील तर टिकलीचा उपयोग नाही, तिथे अक्षरंच पाहावी लागतील. बाकीच्यांनी जरूर लावावी.

भाच्याला कुणी काही बोललं नाही. पण पोराला कळायचं ते कळलं होतं. वर्षभर त्यानं त्या यंत्राला हात लावला नाही. घरात कुणी बोटाला ते लावलं की तो उठून अंगणात जायचा. मी त्याला दोनदा सांगितलं की पाठवणाऱ्यानं शिकवायला हवं होतं, चूक माझी. त्यानं मान हलवली, एवढंच.

गेल्या दिवाळीत मी सौंसरला गेले तेव्हा आईला खोकला होता. मी खण उघडणार एवढ्यात भाचाच यंत्र घेऊन आला. आता तो कॉलेजात आहे, मिशी फुटली आहे. आजीचा हात हातात घेऊन चोळून गरम केला, नखं पाहिली, टिकली वर आहे ना ते पाहिलं, आणि तोंडानं मोठ्यानं म्हणाला, ‘ऑक्सिजन, नऊ आणि सात. नाडी, आठ आणि दोन.’ मग एका वहीत लिहिलं. मी डोकावून पाहिलं. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात आकडे, आणि तिसरा रकाना त्यानं स्वतः आखला होता. त्यावर शीर्षक होतं, ‘आजी कशी वाटते’. खाली लिहिलं होतं : ‘खोकते, पण मला रागावली. ठीक.’

आई म्हणाली, ‘काहून रडतं वं पोरी?’

मी काही बोलले नाही. तुम्ही मात्र आज एवढं करा. तो खण उघडा, एकेक यंत्र बाहेर काढा, सेल आहेत का पाहा, टिकली लावा आणि घरातल्या सर्वांत धाकट्याला आणि सर्वांत थोरल्याला समोर बसवून, त्यांना ज्या भाषेत कळेल त्या भाषेत, ते वाचायला शिकवा.